उभ्या गाडीचं कर्ज

एक लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो भरतं. ते जळल्यावर सायलेन्सरमधून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मात्र साधारण २.३ किलो असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा हिशेब चुकल्यासारखाच वाटतो. पण पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. १२ भार कार्बनला ३२ भार ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ भार वायू तयार होतो. टाकीत भरलं त्याच्या तिप्पट वजन आपण मागे सोडत जातो, आणि ते दिसत नाही म्हणून खुपतही नाही.

त्यातही जाळलेल्या पेट्रोलचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेला इंजिन तापवण्यात जातो. विजेच्या गाडीत भिंतीतल्या प्लगपासून चाकापर्यंत पाऊण हिस्सा किंवा थोडा अधिकच पोहोचतो, शिवाय ब्रेक लावताना त्यातला काही परतही मिळतो. चाक फिरवण्याचं यंत्र म्हणून मोटर इंजिनापेक्षा सरस आहे, यात वादाला जागाच नाही.

वाद आहे तो दुसरीकडे. विजेच्या गाडीला धूर नाही असं आपण सहज म्हणून जातो. धूर असतो, फक्त गाडी दारात येण्याआधी तो निघून गेलेला असतो. खाणीतून धातू काढणं, ते शुद्ध करणं, सेलमधले थर भट्टीत वाळवणं, या सगळ्यात बॅटरीच्या दर एका युनिट (म्हणजे एक किलोवॅट-तास) क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. मधला ८० चा आकडा धरला, तर ४० युनिटची बॅटरी असलेली लहानशी गाडी पहिला किलोमीटर चालण्याआधीच ३.२ टनांचं कर्ज डोक्यावर घेऊन येते. पत्रा, काचा, टायर यांचा खर्च पेट्रोलच्या गाडीलाही आहे, म्हणून तो इथे सोडून देऊ.

हे कर्ज फिटतं कसं? शंभर किलोमीटरला ६ लिटर पिणारी पेट्रोल गाडी किलोमीटरमागे १३८ ग्रॅम सोडते. तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून आणणं यांसाठी वर पाचवा हिस्सा धरला की आकडा १६५ वर जातो. तेवढीच विजेची गाडी चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला १७ युनिट घेते. वीज युनिटमागे ४०० ग्रॅमची असेल, तर किलोमीटरला ६८ ग्रॅम होतात. म्हणजे दर किलोमीटरला ९७ ग्रॅमची बचत, आणि ३.२ टन फिटायला सुमारे ३३,००० किलोमीटर. पाणी-वाऱ्याची वीज असेल, युनिटमागे ५० ग्रॅमची, तर वीस हजारांच्या आसपास काम भागतं. वीज जवळजवळ पूर्ण कोळशाची असेल, युनिटमागे ९५० ग्रॅमची, तर किलोमीटरला १६१ ग्रॅम पडतात, आणि १६५ वजा १६१ या फरकातून कर्ज गाडीच्या आयुष्यात फिटत नाही. हा शेवटचा आकडा विजेच्या गाडीच्या समर्थकांनी लपवू नये. आज कोळशावर चालणारी विजेची जाळी पुढे स्वच्छ होत जातील आणि गाडीचा आकडा आपोआप उतरेल हे खरं. पेट्रोलच्या गाडीला ती सोय कधीच नाही, हेही खरं.

पण या सगळ्या हिशेबात कर्ज फेडतात ते किलोमीटर. वर्षं फेडत नाहीत. दिवसाला तासभर चालणारी गाडी २३ तास उभी असते. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाडीला वरचं मधलं कर्ज फेडायला तीन वर्षांहून जास्त लागतात. त्यावर वाईट म्हणजे बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते. सेलच्या आतल्या रासायनिक क्रिया वापराची वाट पाहत नाहीत. उष्णतेत आणि काठोकाठ भरलेल्या अवस्थेत त्या जास्तच वेगानं चालतात. आठवड्यातून एकदा बाजारात जाण्यासाठी घेतलेली, बाकी दिवस १०० टक्के भरून उन्हात उभी केलेली मोठ्या बॅटरीची गाडी ही मला सर्वांत उधळी गोष्ट वाटते. तिचं कर्ज तसंच राहतं आणि भांडवल मात्र झिजत जातं.

तीच गाडी आठ घरांनी वाटून वापरली, प्रत्येकाची वर्षाची ३,५०० किलोमीटरची गरज तिनं भागवली, तर वर्षाचे २८,००० किलोमीटर होतात आणि कर्ज सव्वा वर्षाच्या आत फिटतं. बॅटरीला हे जड जात नाही. एका पूर्ण चार्जमध्ये २३० किलोमीटर धरले, तर दोन लाख किलोमीटर म्हणजे बॅटरी भरून रिकामी होण्याच्या ८७० च्या आसपास पूर्ण फेऱ्या. आजच्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या २,००० फेऱ्या सहज काढतात. म्हणून विजेची गाडी आणि वाटून वापरणं या दोन वेगळ्या हिरव्या युक्त्या आहेत असं मी मानत नाही. पहिलीला दुसरीची गरज आहे.

ही कल्पना नवीही नाही. झुरिकमध्ये १९४८ साली, युद्धानंतर एकट्याला गाडी परवडत नव्हती तेव्हा, काही घरांनी सहकारी संस्था काढून गाडी वाटून घेतली होती. स्वित्झर्लंडमधल्या दोन तशाच संस्था १९९७ साली एकत्र आल्या आणि त्यातून उभी राहिलेली 'मोबिलिटी' ही सहकारी संस्था आजही चालते. ॲमस्टरडॅममध्ये लुड स्किमेलपेनिंक यांनी १९७४ साली 'विटकार' सुरू केली. दोन माणसांच्या पांढऱ्या विजेच्या गाड्या, त्या उभ्या करायची ठाणी, आणि ठाण्यावरच चार्जिंग. म्हणजे आज आपण नवीन म्हणून पाहतो त्याचा जवळपास पूर्ण आराखडा तेव्हा तयार होता. ठाणी मात्र मोजकीच उभी राहिली. ठाणी थोडी आणि प्रवास एकतर्फी असला की एका टोकाला गाड्या साचतात आणि दुसऱ्या टोकाला माणसं ताटकळतात.

पॅरिसच्या 'ऑटोलिब' या विजेच्या गाड्या वाटून वापरायच्या योजनेचं उदाहरण मला नेहमी विचारात टाकतं. डिसेंबर २०११ ते जुलै २०१८ इतकी ती चालली, आणि भरात असताना तिच्याकडे जवळपास ४,००० गाड्या होत्या. त्या गाड्यांची बॅटरी लिथियम-मेटल-पॉलिमर जातीची, ३० युनिटची. ती गरम ठेवल्याशिवाय कामच करत नाही. प्लग न लावता उभी केली की स्वतःला ऊब देण्यातच स्वतःची वीज खाते. घरच्या गाडीला असली बॅटरी म्हणजे शिक्षा. पण जी गाडी प्रत्येक फेरीनंतर ठाण्यावर येऊन प्लगला लागतेच, तिला ती चालून जाते. बॅटरीचा स्वभाव आणि वापराची रीत इथे एकमेकांना शोभत होती. योजना बुडाली ती तोट्यानं, आणि तो कोणी भरायचा या भांडणानं. आतून अस्वच्छ गाड्यांच्या तक्रारी होत्याच. अमेरिकेतल्या सान डिएगोमध्ये 'कार टू गो' या गाड्या वाटून देणाऱ्या कंपनीनं २०११ साली सगळ्या गाड्या विजेच्या आणल्या, आणि पुरेसे चार्जर उभे राहिले नाहीत म्हणून २०१६ साली त्या पेट्रोलवर नेल्या. रस्त्यावर कुठेही सोडता येणाऱ्या विजेच्या गाड्यांची गोम इथेच आहे. शेवटचा माणूस गाडी सोडतो तिथे प्लग नसतो, मग ती चार्जरपर्यंत न्यायला पगारी माणूस लागतो, आणि ते रिकामे किलोमीटर कोणाच्याच कामाचे नसतात. जिथून घेतली तिथेच परत आणायची, तिथेच प्लग लावायचा, ही रीत कमी आकर्षक वाटते. टिकते मात्र तीच.

आता प्लगकडे येऊ, कारण वाटून घेतलेल्या गाडीचं बरंवाईट बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

केबल खोचली म्हणजे चार्जिंग सुरू झालं असं नाही. गाडी आणि चार्जर एका बारीक तारेवरून आधी एकमेकांशी बोलतात. रिकाम्या चार्जरच्या त्या तारेवर १२ व्होल्ट असतात, गाडी जोडली गेली की ९ होतात, आणि गाडी तयार झाली की ६. सहावर आल्याशिवाय मुख्य वीज सुटत नाही. प्लग अर्धा बसला, कार्ड वाचलं गेलं नाही, किंवा गाडीत रात्री उशिराचं चार्जिंगचं वेळापत्रक आधीच कोणी लावून ठेवलेलं असलं, तर केबल जागेवर दिसते आणि वीज मात्र वाहत नाही. शेवटचं कारण सर्वांत फसवं असतं, कारण चार्जर ठीक असतो आणि प्लगही. म्हणून वाटून घेतलेल्या गाडीत वेळापत्रकाची सोय बंद ठेवावी. गाडी सोडताना प्लग खटकन बसेपर्यंत दाबावा, गाडी लॉक करावी, मिनिटभर थांबून दिवा चार्जिंगचा रंग दाखवतो का ते पाहावं, आणि मगच ॲपमध्ये फेरी संपवावी. ते एक मिनिट चुकलं तर सकाळी सहाला विमानतळावर निघालेल्या दुसऱ्याच माणसाला १८ टक्क्यांची गाडी मिळते.

आणि त्या वेळी घाई करून उपयोग नसतो. ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर अर्ध्या तासात ३.७ युनिट येतात, गळती वजा जाता वीस-बावीस किलोमीटरांची सोय. १० ॲम्पिअरच्या साध्या प्लगवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून दोन बुकिंगांच्या मध्ये किमान एक तास मोकळा ठेवावा, आणि बुकिंग करताना किती वेळ याबरोबर किती लांब हेही विचारावं. पेट्रोलच्या गाडीला दुसरा प्रश्न विचारायची गरज पडत नव्हती. विजेच्या गाडीला तो विचारला नाही, की सगळी यंत्रणा आठवड्याभरात चिडचिडीची होते. फास्ट चार्जर रस्त्यावरच्या गरजेला असू द्यावा. तोही ८० टक्क्यांनंतर मंदावतो, कारण सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की प्रवाह कमी करत न्यावाच लागतो. कडाक्याच्या थंडीत तो सुरुवातीपासूनच मंद असतो. गार सेलमध्ये वीज जोरात ढकलली तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूसारखं साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. गाडी मुद्दाम हळू घेते ती याच भीतीनं.

बॅटरी कोणत्या जातीची आहे ते गाडी वापरणाऱ्या सगळ्यांना माहीत हवं. निकेलवाली असेल तर रोजची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी, लांबच्या फेरीच्या आदल्या रात्रीच १०० करावी. लोह-फॉस्फेटची असेल तर उलट, आठवड्यातून एकदा तिला पूर्ण १०० पर्यंत जाऊ द्यावं. तिचं व्होल्टेज भरलेल्या आणि अर्ध्या रिकाम्या अवस्थेत जवळजवळ सारखंच असतं, त्यामुळे आत किती उरलं याचा अंदाज यंत्रणेला टोकाला गेल्यावरच नीट येतो. वाटून घेतलेल्या गाडीला कोणी ७० वर काढतो, कोणी ६५ वर, महिनाभर ती टोकाला पोहोचतच नाही. मग पडद्यावर १५ टक्के दिसत असताना गाडी अचानक ३ वर येते. बॅटरी खराब झाली म्हणून ओरड होते, पण चुकलेला असतो तो अंदाज. आठवड्यातली एक रात्र बुकिंग बंद ठेवून ती पूर्ण भरू देणं एवढाच त्यावर उपाय.

गाडी बंद पडण्याचं नेहमीचं कारण मात्र या मोठ्या बॅटरीत नसतंच. ते बॉनेटखालच्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत असतं. दारांची कुलुपं, पडदे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, सगळं तिच्यावर चालतं. ती मेली की मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असूनही गाडी दार उघडत नाही. वाटून घेतलेल्या गाडीत धोका जास्त, कारण ॲपनं दार उघडणारं यंत्र तिच्यातूनच दिवसरात्र वीज पीत असतं. ५० मिलिॲम्पिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास या दरानं ४० ॲम्पिअर-तासांची बॅटरी अडीच आठवड्यांत निम्मी होते. गाडीची यंत्रणा मधूनमधून जागी होऊन तिला भरत असेल तर ठीक, पण प्रत्येक गाडी ते करतेच असं नाही. सुट्टीत गाडी पडून राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ती अर्धा तास चालू करून ठेवायची जबाबदारी कोणावर तरी असावी. लोखंडी किल्ली दोन घरांत असावी, कारण बॉनेट उघडायला आधी दार उघडावं लागतं. बॉनेट उघडलं की बूस्टर लावून काम होतं. कॉन्टॅक्टर एकदा जोडले गेले की पुढचं गाडी स्वतः पाहते. तळघरात मोबाइलचं नेटवर्क नसेल तर ॲपनं दार उघडणार नाही, हेही गाडीची जागा ठरवण्याआधीच तपासावं.

इमारतीत चार्जर बसवायचा म्हटलं की पहिला आक्षेप लोडचा येतो. दहा गाड्यांना ७.४ प्रमाणे ७४ किलोवॅट लागतील, तेवढं कुठून आणायचं? पण हा हिशेब सगळ्या गाड्या एकाच क्षणी पूर्ण जोरानं चार्ज होतील असं धरून केलेला असतो. दिवसाला ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लागतात ७ युनिट. दहा गाड्यांना ७०, आणि रात्रीच्या दहा तासांत वाटले तर ७ किलोवॅट, एका चार्जरचा भार. लोड वाटून देणारे चार्जर हेच करतात. आठ घरांनी एक गाडी घेतली, तर तेवढाही प्रश्न उरत नाही. काटकसर नको ती वायरिंगमध्ये. चार्जरला स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि डीसी गळतीही ओळखणारं संरक्षण हवंच. साध्या प्लगवर एक्स्टेंशन बोर्ड लावून रात्रभर १० ॲम्पिअर ओढू नयेत. ढिल्या पिनेपाशी ओहमच्या दहाव्या हिश्श्याएवढा रोध असला तरी तिथे १० वॅट उष्णता सतत साठत राहते, आणि नखाएवढ्या जागेत तेवढी प्लॅस्टिक काळं करायला पुरते. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता तर बाहेरच पडत नाही.

पैशांची वाटणी भांडणाचं मूळ होते, म्हणून तिची रचना पहिल्याच दिवशी लिहून काढावी. फक्त किलोमीटरवर आकारणी केली तर कोणी दहा किलोमीटर जाऊन गाडी दिवसभर अडकवून ठेवतो. फक्त तासांवर केली तर कोणी चार तासांत अडीचशे किलोमीटर पळवून आणतो. म्हणून दोन्ही हवेत. विमा, देखभाल आणि गाडीची घट यासाठी घरागणिक महिन्याची ठरावीक वर्गणी घ्यावी, अडकवलेल्या वेळासाठी तासाचा दर, आणि वीज-टायरांसाठी किलोमीटरचा. टायरांचं वेगळं धरावं, कारण जड गाडी आणि पहिल्या क्षणापासून मिळणारा जोर यांमुळे ते लवकर झिजतात. ब्रेक उलट वापराअभावी गंजतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा ते जोरात दाबावेत. विम्याचं सर्वांत आधी पाहावं. घरगुती वापराचा विमा पैसे घेऊन इतरांना दिलेल्या गाडीला लागू होईलच असं धरून चालू नये, कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं. आणि गाडी ताब्यात घेताना चारही कोपऱ्यांचे फोटो काढावेत. त्यात अविश्वास काही नाही, उलट फोटोंमुळे संशयालाच जागा उरत नाही.

नवख्या चालकाला एक गोष्ट आवर्जून सांगावी. ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की विजेची गाडी मोटरनं स्वतःला आवरते, आणि त्याची सवय दोन दिवसांत लागते. पण बॅटरी १०० टक्के असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून ते आवरणं कमी होतं किंवा बंदच पडतं. पूर्ण भरलेली गाडी घेऊन लगेच उतार लागला की पायाखालची सवय दगा देते. तिथे ब्रेकवरच पाय हवा.

वाटून घेण्याचा खरा फायदा मात्र मला बॅटरीपेक्षाही दुसऱ्या ठिकाणी दिसतो. स्वतःच्या गाडीचे पैसे आधीच गेलेले असतात, त्यामुळे प्रत्येक फेरी फुकट वाटते आणि कोपऱ्यावरच्या दुकानालाही किल्ली उचलली जाते. वाटून घेतलेल्या गाडीत प्रत्येक फेरीची किंमत फेरीआधी दिसते, आणि मग बस, सायकल, पाय यांची तुलना मनात आपोआप होते. अनेक फेऱ्या होतच नाहीत. पण घरातली गाडी कायम ठेवून वर ही आणखी एक घेतली, किंवा बसनं जाणारा माणूस या गाडीत आला, तर धूर वाढलाच. दोघांनी एकत्र जाण्यालाही हीच कसोटी लावावी. एकाचे १५ आणि दुसऱ्याचे १२ किलोमीटर एका गाडीत १८ मध्ये झाले तर ९ वाचले. दुसऱ्याला घ्यायला वळसा घालून ते २७ झाले, तर वाचलं काहीच नाही.

आणि दहा-बारा वर्षांनी बॅटरी थकते, तेव्हा ७० टक्के क्षमतेची गाडी एका चार्जमध्ये १६० किलोमीटरच देते. एकट्या मालकाला ती मोडीत काढावीशी वाटते, कारण वर्षातला एक लांबचा प्रवास तिच्यात बसत नाही. पण चार-पाच गाड्यांच्या ताफ्यात तिला काढून टाकायचं कारण नसतं. बुकिंग करताना अंतर विचारलेलं असतंच. ३० किलोमीटरची फेरी मागणाऱ्याच्या नावावर ती लागते, संध्याकाळी परत येऊन प्लगला लागते, आणि लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी बाहेर पडते.